पसंतीक्रम भरण्याआधी

श्रीगोंदा तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत दहावीच्या वर्गावर जाऊन "पुढं काय करायचंय?" असं विचारलं, तर ठरावीक उत्तरं येतात. मुलं पोलीस आणि आर्मी म्हणतात. मुली नर्स, शिक्षिका आणि अलीकडं पोलीससुद्धा म्हणतात. पहिल्या बाकावरचे दोघे-तिघे डॉक्टर, इंजिनिअर नाहीतर कलेक्टर म्हणतात. उरलेले "बघू मॅडम" म्हणून खाली बसतात. मी या तालुक्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि नोकरीला लागल्यापासून हीच उत्तरं ऐकत आलेय. मुलं खोटं बोलत नाहीत. पंधरा वर्षांचं पोर डोळ्यांना जे दिसतं त्यातूनच निवडणार.

आमच्याकडं दिसतं काय? एका अंगाला दौंड, तिथं राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात नंबरचे गट. दुसऱ्या अंगाला नगर, आता अहिल्यानगर, तिथं लष्कराचं मोठं ठाणं आणि रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र. पहाटे काष्टीच्या नाहीतर बेलवंडीच्या रस्त्याला लागलं की भरतीची तयारी करणारी पोरं घोळक्यानं पळताना भेटतात. सुट्टीवर आलेला जवान गावात फिरतो तेव्हा त्याला मिळणारा मान पोरं बघत असतात. वर्दी अशी रोज नजरेसमोर असते.

उलट साखर कारखान्याचं बघा. तालुक्यात नागवडे आणि कुकडी हे दोन सहकारी कारखाने. गाळप हंगामात धुरांडं लांबून दिसतं, उसाच्या गाड्यांची रांग दिसते, फडात येणारा चिटबॉय दिसतो. पण रसाचा ब्रिक्स आणि पोल काढणारा लॅब केमिस्ट, काचेवर दाणा बघून पॅन उतरवायची वेळ ठरवणारा पॅनमन, बॉयलर सांभाळणारा परवानाधारक माणूस, हे सगळे आत. माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांचा ऊस वर्षानुवर्षं कारखान्याला जातो, तरी "मला केमिस्ट व्हायचंय" असं एकाही मुलानं मला सांगितलेलं नाही. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथं साखरेचं तंत्रज्ञान शिकवतात, हे त्यांना कळतं तोवर प्रवेशाची वेळ टळून गेलेली असते.

२०१६ साली राज्य मंडळानं दहावीच्या सगळ्या मुलांसाठी कलमापन चाचणी सुरू केली. श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्यानं ती घेतली जायची. शेती, कला आणि मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठं आहे ते त्यात सांगितलं जायचं. पुढं तिला अभिक्षमतेचीही जोड मिळाली. आमच्या शाळेत ही चाचणी घेण्याचं काम माझ्याकडं आलं आणि मी ते फार आनंदानं केलं. "तुला काय आवडतं?" हा प्रश्न आमच्या मुलांना घरी कोणी विचारत नाही. निदान सरकारनं तो लेखी विचारला, ही मोठी गोष्ट होती.

अहवाल हाती आले आणि मी एकेकाशी बोलायला बसले. ज्या मुलाचं क्षेत्र 'गणवेशधारी सेवा' आलं होतं त्याला विचारलं, "पोलिसाच्या कामात तुला काय आवडतं?" तो म्हणाला, "वर्दी." मी म्हटलं, "आणि कामात?" त्यावर तो गप्प. त्याला पोलिसाचं काम माहीतच नव्हतं. एका मुलीचं क्षेत्र 'आरोग्य' आलं होतं, कारण तिची मावशी नर्स होती आणि मावशीचं घर पक्कं होतं. जे मुलाला ठाऊक नाही त्याबद्दलची आवड कागदावर कुठून उतरणार? चाचणी चांगली असली तरी तिच्याकडं जायच्या आधी मुलाकडं स्वतःबद्दलची काही माहिती गोळा झालेली हवी. ती माहिती जमवायची कशी, हा प्रश्न तेव्हा माझ्या मागं लागला.

याबाबतीत मला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस बोस्टनचा. फ्रँक पार्सन्स. १९०८ साली त्यांनी त्या शहरात कामगारांच्या आणि परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये मागाहून प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आधी स्वतःला नीट ओळखा. मग वेगवेगळ्या कामांना काय लागतं, त्यांतून काय मिळतं ते जाणून घ्या. मग या दोन्हींची सांगड डोकं शांत ठेवून घाला. आजच्या व्यवसाय-समुपदेशनाचा पाया हाच. त्यातला पहिला भाग पार्सन्स मुलांना घरी बसून लेखी करायला लावत. प्रश्नांची लांबलचक यादी द्यायचे आणि उत्तरं स्वतः लिहून आणायला सांगायचे. सल्लागारानं सांगण्याआधी मुलानं स्वतःकडं बघावं, हा त्यांचा आग्रह मला फार पटला.

पण पार्सन्सची यादी आमच्या मुलांना देऊन चालणार नव्हतं. "तुमचे गुण कोणते?" असं विचारलं की आमची मुलं 'प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ' असं लिहितात, कारण निबंधात तसं लिहायचं असतं. म्हणून मी गुण विचारणंच सोडून दिलं आणि काम विचारायला लागले. शंभर पानी वही, तिला चार रकाने. आज कोणतं काम केलं. आपणहून केलं की कोणी सांगितलं म्हणून. काम बिघडलं का आणि बिघडल्यावर काय केलं. त्या कामासाठी पुन्हा कोणी बोलावलं का. शाळेचा अभ्यास, घरचं, शेतातलं, गावातलं, सगळं काम यात धरायचं. आठवड्यातून निदान तीन-चार नोंदी. चांगलं अक्षर नको, खरी नोंद हवी.

या चारांतला तिसरा रकाना सगळ्यात बोलका, हे मला वह्या वाचता वाचता कळलं. काम सुरळीत चाललेलं असताना सगळ्यांना सगळंच आवडतं. ते बिघडलं की माणूस कुठं जातो ते बघावं. कोणी काम टाकून उठतो, कोणी दुसऱ्याला हाक मारतो, कोणी चिडतो, आणि कोणी एक जण खाली बसून "कुठं अडलंय" हे शोधायला लागतो. ज्या कामात बिघाड झाल्यावरही मूल तिथंच थांबतं, ते काम त्याचं. गेली काही वर्षं मी मुलांशी याच एका खुणेवरून बोलते आणि ही खूण क्वचितच फसते.

एका मुलाची वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. त्याचं घर घोडच्या कालव्याखाली, उसाचं रान. शेतीची लाईट आठवडा-आठवडा रात्रीची असते, म्हणून वडिलांबरोबर रात्री मोटर चालू करायला तो जायचा. त्यानं लिहिलं होतं: 'मोटर चालू होईना. वडील म्हणाले जळली. मी म्हणलं थांबा. मेन स्विच पाडला. स्टार्टर खोलला. कॉन्टॅक्ट काळे पडले होते, पॉलिश पेपरनं घासले. तरी ट्रिप होतेय. मग टेस्टर लावून बघितलं तर एक फेज येतच नव्हता. डीपीवर गडबड. सकाळी वायरमनला सांगितलं. मोटर चांगली आहे.' मी लाल पेननं खाली लिहिलं, 'मेन स्विच पाडलास हे बरं केलंस. यापुढं मोठा माणूस जवळ असल्याशिवाय स्टार्टर उघडायचा नाही.' पुढच्या पानावर चौथ्या रकान्यात नोंद होती: 'शेजारच्या तात्यांनी बोलावलं. त्यांचीही मोटर.'

विज्ञानात या मुलाला जेमतेम पास होण्याइतके गुण असायचे. कलमापनात त्यानंही पोलीसच सांगितलं होतं. पण महिनाभराच्या वहीत पळण्याची एकही नोंद नव्हती आणि मोटर, बोअर, ट्रॅक्टरची लाईट, मंदिराचा भोंगा यांच्या नोंदींनी पानं भरली होती. मी त्याला काहीच सांगितलं नाही. वही परत दिली आणि म्हटलं, "हीच वही दुसऱ्या कोणाची आहे असं समजून वाच, आणि हा मुलगा कोण होईल ते मला सांग." दोन दिवसांनी येऊन तो म्हणाला, "मॅडम, हा वायरमन होईल." मग आम्ही दोघांनी मिळून आयटीआयच्या ट्रेडची माहिती काढली. वायरमन आणि इलेक्ट्रिशियन यांत फरक काय, दोन वर्षांनंतर अप्रेंटिसशिप कुठं मिळते, तिथं विद्यावेतन किती असतं, सगळं. त्यानं इलेक्ट्रिशियन घेतला. आज तो रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "लाईन बंद पडली की मलाच हाक येते मॅडम, रात्री दोनला पण." आवाजात तक्रार नव्हती.

शनिवारी काष्टीचा जनावरांचा बाजार भरतो. आमच्या शाळेतली काही मुलं आजोबांबरोबर जातात म्हणून त्या दिवशी हजेरी कमी असते. एकाला मी सोमवारी विचारलं, बाजारात तू काय करतोस? तो म्हणाला, "बैलाचं तोंड उघडून दात बघतो. दोनदाती हाय का चारदाती, का जुळलाय. मग चालवून बघायचा. पाय टाकतो कसा, खांदा सुजलाय का." असली पारख पुस्तकी परीक्षेत कुठंच मोजली जात नाही आणि त्या मुलाच्या मनातही ती बुद्धीत जमा नव्हती. त्याच्या वहीत अशा नोंदी आल्या तेव्हाच त्याला स्वतःची किंमत कळायला लागली. पशुसंवर्धनाची पदविका असते हे ऐकून तो पहिल्यांदाच बाकावर सरसावून बसला.

दुधाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र मला पुढं जाता येत नाही. एक मुलगी रोज संध्याकाळी घरचं गाईचं दूध डेअरीवर घालायची. घरचा दुधाचा हिशोबही तिच्याकडंच. तिनं लिहिलं होतं: 'आज फॅट ३.२ लागला. काल ३.८ होता. गाय तीच, चारा तोच, पाणी घातलेलं नाही.' घरचे डेअरीवाल्यावर तोंडसुख घेऊन मोकळे झाले. ही थांबली. दुसऱ्या दिवशी वहीत नोंद: 'सकाळ-संध्याकाळचं वेगळं लिहायला सुरुवात केली.' तिसऱ्या दिवशी: 'गाय शेवटपर्यंत पिळून घेतली का ते बघितलं, शेवटच्या धारेला साय जास्त येते.' चौथ्या दिवशी ती डेअरीवर लवकर जाऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि नमुना कसा घेतात ते बघत राहिली. कॅन बराच वेळ ठेवलेला, वर साय आलेली, आणि माणूस न ढवळता खालून नमुना काढत होता. तिनं नम्रपणे म्हटलं, "मामा, आधी ढवळून घ्या ना." ढवळून घेतलेल्या नमुन्याला फॅट ३.७ लागला. दहावीतल्या या मुलीनं नमुना चुकला की निष्कर्ष चुकतो, हे विज्ञानातलं एक मोठं तत्त्व स्वतःहून गाठलं होतं. मला ते वर्गात शिकवायला आठवडे लागतात.

तिचा ओढा कुठं आहे हे सांगायला आता चाचणीची गरज नव्हती. मी तिला उदगीरच्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयाची माहिती दिली. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं आहे ते. वडिलांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, उदगीर लातूरकडं. एवढ्या लांब पोरगी पाठवायची म्हणजे..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही ताणलं नाही. घरात दोन धाकटी भावंडं, कालव्याचं आवर्तन कधी येईल याचा भरवसा नाही, डोक्यावर सोसायटीचं कर्ज. स्वतःला ओळखल्यानं पैसा येत नाही, परवानगीही मिळत नाही. हे मुलांना खोटी आशा न दाखवता सांगितलंच पाहिजे. पण दिशा कळलेली असली की एक वाट बंद झाली तरी त्याच दिशेची दुसरी शोधता येते. तिनं तालुक्यातच विज्ञान शाखा घेतली, रसायनशास्त्रात पदवी केली, आणि आता एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासते. वडील आता सगळ्यांना सांगतात, आमची पोरगी दुधाची डॉक्टर आहे.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी कधीच परावृत्त केलं नाही, हे इथं ठासून सांगते. ज्याला ते काम जमणार आहे त्यानं तिथं जायलाच हवं. भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. ही आकडेवारी प्रत्येक पोराला तोंडपाठ असते. मी मात्र त्यापुढचं विचारते. गणपतीत, वारीत, निवडणुकीत बारा-बारा तास उभं राहायचं. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये जाऊन आवाज न चढवता बोलायचं. ठाण्यात जबाब लिहून घ्यायचा, म्हणजे ऐकून नीट लिहायचं. सणाला घरी नसायचं. एका मुलीच्या वहीत हे सगळं होतं. पहाटेच्या सरावाच्या नोंदी होत्याच, पण त्याहून जास्त नोंदी लोकांच्या होत्या. एसटी स्टँडवर दोन बायांचं जागेवरून भांडण लागलं, हिनं ते मिटवलं. यात्रेत हरवलेलं पोर घेऊन ती देवळाच्या माईकपर्यंत गेली आणि आई येईपर्यंत तिथंच थांबली. पायात गोळा येऊन पळणं आठवडाभर बंद पडलं तेव्हा तिनं गोळाफेकीचा सराव सुरू ठेवला. तिला मी एकच वाक्य म्हटलं, "जा." ती आता जिल्ह्याबाहेर शिपाई म्हणून नोकरीत आहे. नुसत्या वर्दीकडं बघून तयारीला लागलेली बरीच मुलं मात्र तिशीपर्यंत अकॅडमीच्या फी भरत राहतात. वयाची अट संपली की ना भरती, ना दुसरं कौशल्य. आमच्या तालुक्यात असे तरुण प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या डोळ्यांत बघवत नाही.

इथून फार लांब नाही, शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळ आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. ते अन्नतंत्रज्ञानाचे मोठे शास्त्रज्ञ, अमेरिकेतून पीएचडी केलेले, हिंदुस्थान लिव्हरमधली मोठी नोकरी सोडून या कोरड्या गावात येऊन राहिले. मुलांना हातानं काम करत शिकवायचं आणि गावाची खरी कामं हीच शाळेची प्रयोगशाळा करायची, ही त्यांची पद्धत. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, घर आणि आरोग्य या सगळ्या कामांतून मूल फिरून बाहेर पडतं. आम्ही मुलांना घेऊन तिथं गेलो होतो. वेल्डिंगच्या शेडमध्ये माझा एक विद्यार्थी इतका रमला की जेवणाची वेळ झाली हेही त्याच्या लक्षात आलं नाही. एकानं दहा मिनिटांत वेल्डिंगची काच खाली ठेवली आणि रोपवाटिकेत जाऊन बसला. दोघांनाही त्या दिवशी स्वतःबद्दल काहीतरी ठाम कळलं. तो अनुभव कोणत्याही प्रश्नावलीच्या वरचढ आहे असं माझं मत आहे. प्रत्येक तालुक्याला असं एक पाबळ हवं, ही माझी मागणी मी जिथं संधी मिळेल तिथं करते.

मोठ्या माणसांनाही हे लागू आहे, आणि ते मी स्वतःवर करून बघितलंय. सेवाज्येष्ठतेनं पर्यवेक्षिकेचं पद माझ्या वाट्याला येणार होतं. त्याआधी काही काळ त्या कामाचा कार्यभार माझ्याकडं होता. मुलांना देते तशीच वही मी स्वतःसाठी सुरू केली. तासिकांचं समायोजन, यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, पालकसभा, कार्यालयातून परत आलेले प्रस्ताव. तिसरा रकाना वाचून मी सावध झाले. प्रस्ताव त्रुटी काढून परत आला की मी तो बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्याच कशाला तरी हात घालायचे. पण त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात पानातला स्टार्च दाखवायचा प्रयोग फसला होता. मी तासानंतर थांबून दुसरी पानं आणली, स्पिरिटमध्ये पुन्हा उकळली, आणि निळा-काळा रंग आला तेव्हा शिपाईमामा कुलूप घेऊन दारात उभे होते. एका आठवड्याच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की आणखी काय विचारायचं राहतं? मी पदाचा हक्क सोडत असल्याचं लेखी दिलं. सहकारी म्हणाले, हातचं गेलं. घरी सासूबाईंनी मात्र विचारलं, "वर्गात राहशील ना? मग बरं." वेतनाचा थोडा फरक पडला. त्या बदल्यात मुलांच्या वह्या वाचायला वेळ राहिला.

पालकांशी बोलताना मी एक गोष्ट नेहमी सांभाळते. "तुमच्या मुलाला अमुक येत नाही" असं कधी म्हणत नाही. वही पुढं ठेवते. आमच्या भागातल्या आईवडिलांना हिशोब कळतो. कागदी लिंबाचा हस्त बहार धरायचा की आंबे बहार, पाणी किती, भाव कधी, हे ते स्वतः ठरवतात. जमीन बघून पीक घेतात. मुरमाड रानात ऊस लावायचा हट्ट कोणी धरत नाही. तीच नजर त्यांनी मुलाकडं वळवली की बोलणं सोपं होतं. एका बापानं वही पूर्ण वाचली, मिटली आणि म्हणाला, "आम्ही याला उगाच सायन्सला घालणार होतो." त्या मुलाच्या वहीत लिंबाची प्रतवारी, बाजारपट्टी आणि वाहतुकीचं भाडं यांचे हिशोब भरले होते. त्यानं वाणिज्य घेतलं आणि आता गावातल्या शेतकऱ्यांचा माल एकत्र करून पुण्याला पाठवतो.

शिक्षकांनीही यात एक काळजी घ्यावी. वही तपासायची नसते. गुण द्यायचे नसतात. गुण दिले की मुलं आपल्याला हवं ते लिहायला लागतात, आणि मग त्या वहीचा उपयोग संपतो. वही मुलाची असते. त्यानं दाखवली तर वाचायची, नाही दाखवली तर विचारायचं नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक. घरकामाच्या नोंदी त्या लिहितच नाहीत, कारण त्यांना ते काम वाटत नाही. त्यांना मुद्दाम सांगावं लागतं की पंधरा माणसांचा स्वयंपाक वेळेत काढणं, आजारी आजीची औषधं लक्षात ठेवणं, बचत गटाच्या पुस्तकाची बेरीज तपासणं हे सगळं लिही. हे लिहायला लागल्यावर त्यांचा चेहरा बदलतो.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालाय. दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. निकाल लागला की मुलं सायबर कॅफेत रांगा लावतात आणि मित्रानं भरलं तेच भरून मोकळी होतात. श्रीगोंद्यातल्या आणि बाहेरच्याही आईवडिलांना, शिक्षकांना माझी विनंती आहे, निकालाची वाट बघू नका. मूल नववीत असेल तर आताच, दहावीत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत एक शंभर पानी वही आणून द्या. चार रकाने आखून द्या आणि महिनाभर मध्ये बोलू नका. मग एका संध्याकाळी दोघांनी बसून तिसरा रकाना वाचा, आणि पहिला पसंतीक्रम मुलाला स्वतःच्या हातानं भरू द्या.